टिप म्हणजे बोजारा: पॅरिसला किती द्यायची, आणि दारव्ह्यात ती कोणाची?



या उन्हाळ्यात आपल्या दारव्ह्याच्या बॅचमधल्या एका कृषी केंद्रवाल्या भाऊंचा फोन आला. बियाण्याच्या कंपनीची स्कीम होती, टार्गेट पूर्ण झालं आणि युरोपची सहल लागली. पासपोर्ट तयार, व्हिसा तयार, वहिनींनी चिवडा आणि लोणच्याच्या पुड्यासुद्धा बांधून ठेवलेल्या. भाऊ म्हणाले, "सर, बाकी सगळं समजलं. एकच राह्यलं. तिकडं टिप किती द्या लागते? पॅरिसमंदी इज्जत जाऊ नये म्हून इचारून राह्यलो."

त्यावर मी एक छोटा व्हिडिओ केला. तो पाहून पुसद, दिग्रस, कारंजा, यवतमाळ, सगळीकडून फोन आले. कोणाची मुलगी जर्मनीत, कोणी सिमेंटच्या स्कीमवर चाललेला, कोणी मुलाच्या पदवीदान समारंभाला लंडनला. पण आठ मिनिटांच्या व्हिडिओत सगळं मावत नाही. शिवाय भाऊ परत आल्यावर आमच्यात जे बोलणं झालं, ते कॅमेऱ्यासमोर बोलायला मलाच थोडं जड गेलं. म्हणून इथे सविस्तर लिहितो. आधी पॅरिसचा हिशोब देतो, म्हणजे ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांचं काम होईल. मग आपल्या दारव्ह्याचा हिशोब मांडतो. माझ्या मते खरा लेख तोच आहे.

आधी पॅरिस

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये हॉटेलच्या मेनूवर जी किंमत छापलेली असते, तिच्यात सेवेचे पैसे आधीच धरलेले असतात. १९८७ पासून तिथे तसा नियमच आहे. बिलावर "सर्व्हिस कोंप्री" असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की वाढणाऱ्याचा मोबदला तुम्ही दिलेला आहे. त्यामुळे टिप दिली नाही तर कोणी तुमच्या मागे धावत येत नाही, आणि तोंडही वाकडं करत नाही.

मग लोक देतात का? देतात, पण थोडी. साधारण असं धरा:

- काउंटरवर उभं राहून कॉफी घेतली, तर सुटे सेंट ठेवले तरी पुरे. नाही ठेवले तरी चालतं.
- बसून जेवलात आणि वाढणाऱ्यानं नीट काळजी घेतली, तर माणशी एक-दोन युरो. भारी ठिकाणी, फारच खूश झालात तर पाच ते दहा टक्के.
- टॅक्सीवाल्याला वरची रक्कम पूर्ण करून द्या. साडेअठरा झाले तर वीस.
- हॉटेलात बॅग वर नेऊन देणाऱ्याला एका बॅगेमागे एक-दोन युरो. खोली साफ करणाऱ्या बाईंसाठी दिवसाला एक-दोन युरो उशीजवळ ठेवून निघा.
- "फुकट" म्हणून जाहिरात केलेली पायी सहल असेल, तर तो गाइड टिपेवरच जगतो. तिथे हात आखडता घेऊ नका.

एक युरो म्हणजे साधारण शंभर रुपये धरा, म्हणजे हिशोब चटकन जमेल. पण प्रत्येक वेळी मनात रुपये करत बसू नका, नाहीतर पाण्याची बाटलीसुद्धा घशाखाली उतरणार नाही. पाण्यावरून आठवलं. बाटली मागण्यापेक्षा "कराफ दो" म्हणा. नळाचं पाणी जगमध्ये भरून फुकट आणून देतात. जेवणाबरोबरचा ब्रेडही बिलात धरत नाहीत.

आता पैशापेक्षा महत्त्वाची गोष्ट. दुकानात, हॉटेलात, बसमध्ये शिरताना आधी "बोंझूर" म्हणायचं. आपल्याकडे जसं वडीलधाऱ्या माणसाला रामराम न करता थेट कामाचं बोललं तर ते माजोरीपणाचं वाटतं, तसंच तिथे आहे. बोंझूर न म्हणता दहा युरोची टिप देणाऱ्यापेक्षा, बोंझूर म्हणून काहीच न देणारा माणूस तिथे सभ्य ठरतो. "ए वेटर" म्हणून चुटकी वाजवणं तर विसराच.

कार्ड मशीनचंही सांगतो. आता बऱ्याच ठिकाणी मशीनवरच पाच टक्के, दहा टक्के, पंधरा टक्के असे पर्याय येतात. ते परदेशी पाहुण्यांच्या गडबडीवर चालतं. घाबरू नका, टिप नको हा पर्यायही त्यातच असतो, तो दाबता येतो.

आणि ग्रुप टूरवाल्यांनी निघण्याआधी आपल्या सहलीचा कागद नीट वाचावा. ड्रायव्हर आणि गाइडची टिप दिवसाच्या हिशोबानं बऱ्याचदा आधीच घेतलेली असते. मग तिथे पुन्हा वर्गणी काढायची गरज नाही. मनानं द्यायची तर वेगळी गोष्ट.

प्रत्येक देशाला एकच प्रश्न विचारा

आता तुम्ही म्हणाल, सर, पॅरिस झालं, रोम, बर्लिन, लंडनचं काय? प्रत्येक शहराचा तक्ता पाठ करू नका. एकच प्रश्न विचारा: जो मला वाढतोय, त्याचा पगार या बिलात आधीच आहे का?

जर्मनीत आहे. तिथे २०१५ पासून देशभर किमान वेतनाचा कायदा आहे. सुरुवात तासाला साडेआठ युरोनं झाली, २०२५ मध्ये तो आकडा १२.८२ युरोवर आला. त्यामुळे लोक पाच-दहा टक्के, नाहीतर वरची रक्कम पूर्ण करून देतात. तिथली पद्धत मात्र वेगळी. पैसे टेबलावर ठेवून निघून जायचं नाही. बिल सत्तावीस झालं तर नोट देताना तोंडानं "तीस" म्हणायचं, म्हणजे तो तीस कापून बाकीचे परत देतो. आणि नोट देताना नुसतं "डांके" म्हटलंत तर तो समजतो की सुटे ठेवून घ्या. पन्नासची नोट देऊन डांके म्हणाल तर बसाल हात चोळत!

इटलीत बिलावर "कोपेर्तो" म्हणून माणशी काही रक्कम दिसेल. ती टिप नाही, टेबल आणि ब्रेडचा आकार आहे. लंडनमध्ये बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क जोडलेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी ते ऐच्छिक असल्याचंही तिथेच लिहिलेलं असतं. ते दिलं तर वेगळी टिप नको.

आणि अमेरिका? तिथे उत्तर "नाही" असं आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी तिथल्या केंद्रीय कायद्यात बसतं, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बऱ्याच राज्यांनी स्वतःहून जास्त ठरवलंय, पण केंद्रीय कायदा हाच. म्हणून तिथे अठरा-वीस टक्के टिप न देता उठणं म्हणजे त्या माणसाची मजुरी बुडवणंच. तिथे टिप ही मेहेरबानी नसून पगाराचा उरलेला तुकडा असतो, आणि मालकानं तो गिऱ्हाइकाच्या अंगावर ढकललेला असतो.

एकदा हा प्रश्न विचारायची सवय लागली की जगात कुठेही तुमचं अडत नाही. गंमत अशी की अडतं ते आपल्याच गावात. तिकडे वळतो, पण आधी भाऊंची गोष्ट ऐका.

वीस युरोची गोष्ट

भाऊ परत आले, चॉकलेटचा डबा घेऊन क्लासवर आले. पहिलंच वाक्य: "सर, तिकडचा डायवर लय तऱ्हेवाईक हाय."

झालं असं. पॅरिसमधला शेवटचा दिवस. रात्री आयफेल टॉवरचे दिवे दर तासाला पाच मिनिटं लुकलुकतात, ते मंडळींना पुन्हा पाहायचे होते. ड्रायव्हर म्हणाला, माझे आजचे तास संपले, गाडी आता हॉटेलवरच जाणार. भाऊंनी आपल्या पद्धतीनं खिशात हात घातला आणि वीस युरोची नोट पुढे केली. ड्रायव्हरनं मान हलवली आणि समोरच्या मशीनकडे बोट दाखवलं. गाडी किती तास चालली, किती वेळ थांबली, हे सगळं त्या मशीनमध्ये नोंदलं जातं. युरोपात बसच्या ड्रायव्हरला दिवसाला साधारण नऊ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनी पाऊण तास विश्रांती सक्तीची, आणि रात्रीच्या विश्रांतीचेही तास ठरलेले. तो म्हणाला, दंड होईल, आणि मी झोपलो नाही तर उद्या तुम्हालाच धोका.

भाऊंना अपमान वाटला. "वीस युरो म्हणजे दोन हजार रुपये झाले सर! नाही म्हणते लेकाचा!"

पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावर निरोप घेताना भाऊंनी तेच वीस युरो पुन्हा पुढे केले, थोडे बिचकतच. ड्रायव्हर हसला, दोन्ही हातांनी हात मिळवला, नोट खिशात ठेवली. भाऊ मला विचारत होते, "नोट तीच, माणूस तोच. राती नाही, सकाळी हो. असं काहून?"

मी म्हटलं, भाऊ, यातच सगळं आलं. रात्री तुम्ही जे देत होता ती टिप नव्हती. नियम मोडायची ती किंमत होती. सकाळी दिलं ते काम झाल्यावर, काही न मागता, खुशीनं दिलं. ती टिप.

आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे: चहापाणी. हॉटेलातल्या पोराला दिलेले दहा रुपयेही चहापाणी, आणि कचेरीत फाइल पुढे सरकवायला दिलेले पाचशेही चहापाणी. फ्रेंच लोक टिपेला जे म्हणतात त्याचा अर्थ "पिण्यासाठी", जर्मन शब्दाचा अर्थ "पिण्याचे पैसे", आणि रशियन तर थेट "चहासाठी" म्हणतात. म्हणजे जगभर सगळ्यांनी हे पैसे एका घोटाच्या हिशोबातच धरलेत. घोटाएवढेच, पोटाएवढे नाहीत. हा फरक आपण विसरलो.

आणि "काम व्हायच्या आधी टिप" ही भानगड आता मोबाइलमध्येही शिरली. २०२५ च्या मे महिन्यात टॅक्सीच्या अॅपवर "लवकर गाडी हवी तर आधीच टिप जोडा" असा पर्याय दिल्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं उबरला नोटीस काढली. प्राधिकरणाचा मुद्दा आपल्या भाऊंच्या ड्रायव्हरसारखाच होता: आधी घेतली ती टिप कशी?

आपल्याला हे आधीच माहीत होतं

मला तर वाटतं, यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला टिप शिकायला पॅरिसला जायची गरजच नाही. आपल्याकडे बोजारा आहे.

सालदाराचं साल ठरतं पाडव्याला, काही गावांत अखजीला. वर्षाचे एवढे पैसे, एवढी ज्वारी, एवढा गहू, जे काय ते. तो झाला त्याचा पगार. मग पोळ्याला तो बैल सजवून घरोघर नेतो. घरची बाई बैलाचे पाय धुते, ओवाळते, नैवेद्य देते, आणि गड्याच्या हातावर बोजारा ठेवते. कोणी दहा देतो, कोणी पन्नास, कोणी शंभर.

आता मला सांगा, बोजाऱ्याचे हजार-पंधराशे जमले म्हणून सालातून तेवढे कापणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे? "बैल माझा होता, म्हणून बोजारा माझा" असं म्हणणारा पाहिला आहे? अशा माणसाला गाव उभं करणार नाही. साल वेगळं आणि बोजारा वेगळा, हे शाळेत न गेलेल्या आपल्या आज्यालाही पक्कं माहीत होतं.

मग तोच माणूस बसस्टँडजवळ हॉटेल टाकतो, सलून टाकतो, पेट्रोल पंप घेतो, आणि हे विसरतो. नोकरीवर ठेवताना म्हणतो, "पगार सात हजार, वरून टिपा भेटतात, दहा पडतात समज." म्हणजे गड्याला साल ठरवतानाच बोजारा त्यात मोजून टाकला! ज्या अमेरिकेच्या पद्धतीला आपण नावं ठेवली, तीच पद्धत आपण कायदा न करता चालवतोय.

मी स्वतः काय केलं

हे लिहिताना मला दुसऱ्याकडे बोट दाखवायचा अधिकार नाही. ट्रेनिंगच्या धंद्यात येण्याआधी मी काही वर्षं नाश्त्याचं हॉटेल चालवलं. आलूबोंडा, तर्री-पोहे, समोसा, चहा. हाताखाली पाच माणसं. काउंटरवर बिस्किटांची रिकामी बरणी ठेवली होती, वर चिठ्ठी: "स्टाफसाठी". गिऱ्हाईक सुटे टाकायचे. रोजचे सत्तर-ऐंशी, बाजाराच्या दिवशी दीडशेही.

सुरुवातीला आठवड्याला वाटायचो. मग एक महिना गॅसचे पैसे कमी पडले, बरणीतून घेतले. परत टाकू म्हटलं, टाकले नाहीत. मग ग्लास फुटले की त्यातून. झारा आणला, त्यातून. चिठ्ठी मात्र तशीच चिकटलेली.

त्यात एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, जवळच्याच खेड्यातला. कामाला असा चपळ की गिऱ्हाईक बसायच्या आत पाणी टेबलावर. एक दिवस त्यानं विचारलं, "सर, बरणीतले पैसे कधी वाटता?" मी म्हणालो, "अन् ग्लास कोण फोडते? तुम्हीच ना?" तो काही बोलला नाही. दिवाळी झाली आणि पुण्याला निघून गेला.

त्यानंतर बाकीचे चार जण कामावर होते, पण हॉटेल बदललं. रस्सा दुसऱ्यांदा मागितल्याशिवाय मिळेना. फडका टेबलावर फिरेना. मी त्यांना ओरडायचो, "गिऱ्हाइकाशी हसून बोला!" हसून बोलल्याचा फायदा कोणाच्या बरणीत जातो हे त्यांना माहीत होतं, माझ्या ध्यानात यायला वर्ष गेलं.

नंतर एकदा बसून हिशोब केला. ऐंशी रुपये रोज, महिन्याचे सव्वीस दिवस, सहा महिने. साडेबारा हजारांच्या आसपास. पाच जणांचे. काही वर्षांनी पुण्यात एका ट्रेनिंगला गेलो तेव्हा तो मुलगा भेटला. चांगल्या हॉटेलात कॅप्टन झाला होता. मला बसवलं, चहा दिला, पैसे घेतले नाहीत. मी बरणीचा विषय काढला, पाकीट पुढे केलं. तो म्हणाला, "सोडा ना सर, जुनी गोष्ट." मी काय म्हणतोय हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. म्हणजे त्याच्या ध्यानात पक्कं होतं. पाकीट मी तसंच परत आणलं.

"पण सर, आमच्या अडचणी पण पाहा"

क्लासमध्ये हा विषय निघाला की मालक मंडळी तीन गोष्टी म्हणतात. तिन्ही खोट्या नाहीत, म्हणून नीट उत्तर देतो.

*"वाढणाराच सगळी टिप नेतो. आचाऱ्याचं काय? भांडी घासणाऱ्या मावशीचं काय?"* बरोबर आहे. भाजी चवदार झाली ती मावशींनी कांदा वेळेवर चिरला म्हणून. मग सगळ्यांत वाटा. कोणाला किती हे त्यांनाच बसून ठरवू द्या. फक्त त्या वाटणीत मालकाचा हिस्सा नको आणि फुटलेला ग्लासही नको. ग्लास हा धंद्याचा खर्च आहे, तो नफा-तोट्यात लिहायचा.

*"पगार वाढवला तर परवडत नाही."* करा हिशोब. समजा थाळी १२० रुपयांना आहे आणि रोज ८० थाळ्या जातात. थाळीमागे ५ रुपये वाढवले तर दिवसाचे ४००, महिन्याच्या सव्वीस दिवसांचे १०,४००. चार माणसांत वाटले तर प्रत्येकी २,६०० रुपये पगारवाढ. तुम्ही म्हणाल, भाव वाढला की गिऱ्हाईक तुटते. ठीक आहे, चार थाळ्या कमी धरा. ७६ थाळ्यांचे ५ प्रमाणे ३८०, आणि गेलेल्या चार थाळ्यांचा नफा थाळीमागे ४० प्रमाणे १६० वजा. उरले २२०. महिन्याचे ५,७२०, म्हणजे माणशी १,४३०. फ्रान्सनं कायद्यानं जे केलं ते हेच. सेवेचे पैसे किमतीतच घाला आणि मोकळे व्हा. तुमचे आकडे वेगळे असतील, पण एकदा कागदावर मांडा तरी.

*"मग टिप बंदच करून टाकू का?"* अजिबात नको. साल नीट दिलं म्हणून कोणी पोळ्याचा बोजारा बंद करत नाही. कोणाच्या तरी कामानं मन खूश झालं आणि हातावर काही ठेवावंसं वाटलं, तर त्यात दोघांनाही आनंद आहे. पगार पूर्ण असला की तो आनंद स्वच्छ राहतो. पोराला लाचारी वाटत नाही आणि गिऱ्हाइकाला दडपण येत नाही.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

मालक आणि गिऱ्हाईक, दोघांच्याही कामाच्या चार गोष्टी.

एक, नागपूर-पुणे-मुंबईच्या हॉटेलात बिलात आपोआप सेवाशुल्क जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशा सूचना काढल्या. हॉटेलांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना योग्य ठरवल्या. बिलात दिसलं तर काढायला सांगा, नाही ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. जीएसटी मात्र वेगळा, तो सरकारचा कर आहे, त्यावरून काउंटरवर भांडू नका.

दोन, गिऱ्हाइकानं दिलेली टिप ही मालकानं दिलेला पगार नव्हे. २०१६ मध्ये एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. कार्डवर आलेली टिप मालकाच्या हातून गेली तरी तो फक्त मधला विश्वस्त. पैसे गिऱ्हाइकाचे, जायचे कामगाराकडे.

तीन, किमान वेतन मालकानंच पूर्ण द्यायचं असतं. टिपा धरून ते पूर्ण झालं असं म्हणता येत नाही.

चार, ब्रिटननं तर यासाठी वेगळा कायदाच केला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे मालकाला सगळी टिप कामगारांना द्यावी लागते, एक पैसाही कापता येत नाही. म्हणजे बरणीतून गॅसचे पैसे घेणारे तिथेही होते. माझ्यासारखे. म्हणून तर कायदा करावा लागला.

यूपीआयनं बरणी रिकामी केली

शेवटचा मुद्दा, आणि हा आजचा आहे. आधी बिल १८७ झालं की गिऱ्हाईक दोनशे द्यायचं आणि "राहू दे" म्हणायचं. तेरा रुपये पोराचे. आता मोबाइल काढतो, बरोबर १८७ मारतो, स्पीकर ओरडतो, गिऱ्हाईक गेलं. सुट्ट्याची कटकट मिटली आणि त्याबरोबर पोराचे तेरा रुपयेही गेले. कोणाचा वाईट हेतू नाही, पण वरकमाई आटली. आणि एखाद्यानं २०० मारलेच तर ते मालकाच्या खात्यात. कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ज्या मालकानं "वरून टिपा भेटतात" म्हणून पगार कमी ठरवला होता, त्यानं हे लक्षात घ्यावं. वरचं बंद झालं, खालचं तेवढंच राहिलं. मग पोरं पुण्याला जातात आणि आपण म्हणतो, आजकाल कामाला माणूस भेटत नाही.

या आठवड्याचं काम

नुसतं वाचू नका, करा.

मालकांसाठी: स्टाफसाठी वेगळा क्यूआर कोड लावा, तोही स्टाफनं निवडलेल्या एका माणसाच्या नावानं. बरणी असेल तर तिच्याजवळ एक वही ठेवा. रोज रात्री मोजून आकडा लिहायचा, दोघांनी सही करायची, शनिवारी वाटप करायचं. तुमचा हात लागायला नको. आणि नवीन माणूस ठेवताना पगार सांगताना "टिपा" हा शब्द तोंडातून काढू नका. तेवढ्या एका सवयीनं तुम्हाला खरा पगार किती द्यायचा ते आपोआप कळेल.

गिऱ्हाइकांसाठी: दहा-वीसच्या नोटा खिशात ठेवत जा. द्यायची तर पोराच्या हातात द्या, आणि एकदा सहज विचारा, "हे तुलाच भेटते ना?" काउंटरवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारा.

भाऊंनी आपल्या कृषी केंद्रात एक गोष्ट सुरू केली आहे. पेरणीच्या हंगामात गाडीत पोती चढवून देणाऱ्या दोन गड्यांना शेतकरी पाच-दहा रुपये द्यायचे, ते आजवर दुकानाच्या चहात जायचे. आता ते त्या दोघांकडेच राहतात आणि चहाचा खर्च दुकानाच्या खात्यात लिहिला जातो. मी विचारलं, "किती फरक पडला हो भाऊ?" म्हणाले, "माले महिन्याचे हजार-बाराशे जास्त लागून राह्यले. पण पोट्टे आता बोलावल्याबिगर पोत्याले हात लावतात."

तुमच्या गल्ल्याजवळही अशी एखादी बरणी असेल. आज रात्री दुकान बंद करताना तिच्यावरची चिठ्ठी एकदा वाचा.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा करा, नीट करा!